श्रेयनामावलीबाहेरचे सूर

लोकप्रिय संगीताविषयी आपण सारेच बोलतो. त्याची समीक्षा मात्र क्वचितच करतो. शास्त्रीय गायनाच्या मैफलीवर लिहिताना राग, लय, घराणे यांचा साक्षेपाने विचार करणारा लेखक चित्रपटगीताकडे वळला, की 'गोड चाल' आणि 'अवीट आवाज' एवढ्या दोन शब्दांवर त्याचे काम भागते. ज्या गाण्यांनी लाखो माणसांच्या लग्नांना, मिरवणुकांना आणि एकांताला सोबत केली, त्या गाण्यांच्या वाट्याला विचार न येता केवळ आठवणी याव्यात, ही गोष्ट खचितच भूषणावह नाही.

आपल्या कॅथलिक समाजात या उणिवेला आणखी एका सवयीची जोड मिळाली आहे. हिंदी चित्रपटसंगीताचा विषय निघाला, की 'ते सारे वादक आपलेच होते' असे आपण अभिमानाने सांगतो. गोव्यातून मुंबईला गेलेल्या व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणाऱ्या ख्रिस्ती कलावंतांचे ऋण या संगीतावर आहे, हे निर्विवाद. परंतु 'आपले' म्हणणे आणि 'ऐकणे' या दोन वेगळ्या क्रिया आहेत. अभिमान बाळगण्यासाठी नाव पुरते. न्याय करण्यासाठी कान लागतो. या लेखात लोकप्रिय संगीत आणि त्यावरील माहितीपट यांना कोणत्या कसोट्या लावाव्यात, याचा विचार काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे करावयाचा आहे.

पहिले उदाहरण सर्वांच्या ओठांवरचे आहे. १९७७ साली प्रदर्शित झालेल्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटात ईस्टरच्या मेजवानीच्या प्रसंगी एका भल्यामोठ्या अंड्यातून नायक बाहेर येतो आणि आपले नाव अँथनी गोन्साल्विस असल्याचे गाऊन सांगतो. देशभरातील प्रेक्षकांच्या मनात या नावाचा ख्रिस्ती माणूस ठसला तो असा: उंच टोपी, काळा कोट, दारूचा गुत्ता आणि तोंडी विनोदी, असंबद्ध इंग्रजी. हे नाव एका खऱ्या माणसाचे होते, हे त्या प्रेक्षकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते. चित्रपटाचे संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. त्यांपैकी प्यारेलाल यांनी लहानपणी ज्यांच्याकडे व्हायोलिनचे धडे घेतले, त्या गुरूंना ही गुरुदक्षिणा होती.

खरे अँथनी गोन्साल्विस १९२७ साली दक्षिण गोव्यातील माजोर्डा येथे जन्मले. वडील गावच्या चर्चमधील गायकवृंदाचे प्रमुख होते. पोर्तुगीज अमदानीतील धर्मग्राम शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचण्याचे आणि व्हायोलिन वाजवण्याचे शिक्षण मिळत असे. ते शिक्षण देण्यामागे उपासनेसाठी गायक-वादक घडवण्याचा हेतू होता. परंतु त्याच विद्येने पुढे मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांना कुशल वादकांची फळी पुरवली. १९४३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, गोन्साल्विस मुंबईला आले आणि संगीतकार नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून दाखल झाले. तेथे त्यांना हिंदुस्थानी रागसंगीताचा ध्यास लागला. राग मूळचा एकरेषीय. एका वेळी एकच सूर पुढे जाणारा. पाश्चात्य सिंफनीत अनेक स्वर एकाच वेळी, परस्परांना सांभाळत चालतात. या दोहोंचा मेळ घालता येईल का, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर उराशी बाळगला. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्यांनी शंभराहून अधिक वादकांचा मेळ उभा केला; लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. १९६० च्या दशकाच्या मध्यास ते अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर चित्रपटसृष्टीकडे न वळता माजोर्ड्यातच स्थिरावले आणि १८ जानेवारी २०१२ रोजी निवर्तले.

आता या गाण्याचे मूल्यमापन कसे करावे? आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक, शिष्याने गुरूचे नाव अमर केले म्हणून ते गाणे थोर. दुसरे, गाण्याने ख्रिस्ती माणसाचे विडंबन केले म्हणून ते निंद्य. माझ्या मते दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. किशोरकुमार यांच्या गायनातील खट्याळपणा, मध्येच येणारे अमिताभ बच्चन यांचे गद्य बोल आणि त्यांच्या मागे शिस्तीने चालणारा वाद्यमेळ यांची वीण अतिशय कसबी आहे. गोंधळ उडाल्याचा भास निर्माण करण्यासाठी वादकांना काटेकोर शिस्त पाळावी लागते. ती येथे पाळली गेली आहे. गुरूचे नाव शब्दांत आले, तशीच गुरूची शिकवण त्या शिस्तीत आली. तथापि, ज्या माणसाने रागाला सिंफनीचे घर बांधून देण्याचे स्वप्न पाहिले, त्याची ओळख एका विनोदी पात्राच्या नावापुरती उरावी, यातील विसंगतीही नजरेआड करता येत नाही. स्मारक उभे राहिले, पण त्यावरील चेहरा दुसऱ्याचा आहे. समीक्षकाने या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगितल्या पाहिजेत.

हा अन्याय एका व्यक्तीपुरता नव्हता. तो कामाच्या पद्धतीतच मुरलेला होता. संगीतकार पेटीवर चाल बांधी. ती चाल कागदावर उतरवणे, तिला वाद्यांचे अंग देणे, कोणत्या ओळीनंतर व्हायोलिन यावीत आणि कोठे बासरीने एकटीने बोलावे हे ठरवणे, यात संगीत संयोजकाचा, म्हणजे अरेंजरचा, मोठा वाटा असे. सेबॅस्टियन डिसोझा (१९०६–१९९६) यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी केलेले काम या दृष्टीने ऐकण्याजोगे आहे. गायक मुख्य चाल गात असताना तिच्या खालून व्हायोलिनची दुसरी चाल वाहत असते. ती गायकाला अडवत नाही आणि एकटेही सोडत नाही. श्रेयनामावलीत मात्र अशा माणसाचे नाव फार तर 'सहायक' म्हणून येई. साध्या वादकाचे नाव तर येतच नसे.

परंतु येथेच एक सावधगिरीही बाळगावयास हवी. 'संगीतकार नुसते गुणगुणत आणि सारे काम आमचे गोवेकर करीत', हे विधान आपल्या घरांतून सर्रास ऐकू येते. ते खरे नाही. याचे उत्तम प्रत्यंतर आपल्याच भूमीच्या जवळचे आहे. सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर (१९१८–१९८२), यांचा जन्म पुणतांब्याचा. गोदाकाठचे हे गाव आपल्या वैजापूरपासून फार दूर नाही. त्यांचे साथीदार होते ट्रम्पेटवादक आंतोनियो व्हाझ, म्हणजे 'चिक चॉकलेट' (१९१६–१९६७). १९५१ च्या 'अलबेला' मधील नृत्यगीतांत पाश्चात्य नाचाचा ठेका, पितळी वाद्यांची झळाळी आणि मराठी वळणाची सुटसुटीत चाल असा त्रिवेणी संगम आहे. चिक चॉकलेट आणि त्यांचा वाद्यवृंद त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतो. या गीतांतून ट्रम्पेट काढून टाकले, तर चाल उभी राहील, पण तिचा उत्साह जाईल. चाल काढून टाकली, तर ट्रम्पेटला बोलावयास काही उरणार नाही. पुणतांब्याचा मराठी माणूस आणि गोव्याचा ख्रिस्ती वादक यांच्यापैकी एकाला मोठे करण्यासाठी दुसऱ्याला लहान करण्याची गरज नाही. श्रेय म्हणजे भाकरी नव्हे, की एकाला अधिक दिली तर दुसऱ्याच्या ताटातली कमी व्हावी.

अशा विस्मृत कलावंतांना उजेडात आणण्याचे काम गेल्या काही दशकांत माहितीपटांनी हाती घेतले, ही स्वागतार्ह घटना होय. अँथनी गोन्साल्विस यांच्यावर माहितीपट केला तो ज्येष्ठ मराठी चित्रपट-समीक्षक अशोक राणे यांनी. हेच राणे पुढे काही वर्षे आपल्या छत्रपती संभाजीनगरातील अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे संचालक होते. एका गोमंतकीय कॅथलिक संगीतज्ञाची कथा सांगण्यासाठी एक मराठी समीक्षक पुढे आला, यात आपल्या समाजासाठी एक बोधही आहे: आपल्या माणसाचे मोल जाणण्यासाठी जाणणारा आपल्याच समाजाचा असावा लागत नाही.

तथापि, माहितीपटाचा हेतू चांगला असणे आणि माहितीपट चांगला असणे, यांतही अंतर असते. संगीतविषयक माहितीपटांत एक दोष वारंवार आढळतो. गाणे सुरू होते, आठ-दहा सेकंद वाजते, आणि लगेच कोणी मान्यवर खुर्चीवर बसून 'ते फार थोर होते' असे सांगू लागतात. त्यांच्या बोलण्याखाली गाणे पुसट होत जाते. ज्याच्यासाठी चित्र काढले, तोच चित्रात मुका! माझी पहिली कसोटी म्हणून ही: माहितीपट गाणे पूर्ण ऐकू देतो काय? दुसरी कसोटी: तो कलावंताविषयी केवळ गौरवोद्गार जमवतो, की त्याच्या आयुष्यातील अवघड प्रश्नांनाही हात घालतो? आणि तिसरी: चित्रपट संपल्यावर प्रेक्षकाला आधीपेक्षा अधिक ऐकू येऊ लागते काय?

या तिन्ही कसोट्यांवर उतरणारी महाराष्ट्रातील एक कृती म्हणजे आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा २०११ सालचा माहितीपट. आपल्या वाचकांपैकी अनेकांना तो राजकीय वाटेल. तो राजकीय आहेच. पण तो गाण्यांचाही चित्रपट आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेवरून निदर्शने करणाऱ्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही दिवसांतच लोकशाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. पटवर्धनांनी घोगरे यांचे गाणे आपल्या १९८५ च्या 'हमारा शहर' या चित्रपटात घेतले होते. त्या मृत्यूने त्यांना पुन्हा वस्त्यांकडे नेले आणि पुढील चौदा वर्षे ते चित्रण करीत राहिले.

या तीन तासांहून मोठ्या चित्रपटाचे सर्वांत मोठे बलस्थान म्हणजे त्याचा धीर. गाणारा माणूस गाणे पुरे करीपर्यंत कॅमेरा हलत नाही. ढोलकी, पेटी, कधी नुसती टाळी. मागे पत्र्याची भिंत, समोर बायकामुले. ते संगीत ज्या जागेसाठी जन्मले, त्या जागेतच आपण ते ऐकतो. दुसरे बलस्थान म्हणजे प्रामाणिकपणा. घोगरे डाव्या सांस्कृतिक चळवळीत गात होते आणि पुढे त्याच पथकातून दूर केले गेले, ही दुखरी बाब पटवर्धन लपवत नाहीत. शाहिराला डोक्यावर घेणारे त्याला एकटे कसे पाडतात, हे दाखवताना त्यांनी स्वतःच्या विचारांच्या मित्रांनाही सोडलेले नाही. उत्तरार्धात पुण्याच्या कबीर कला मंचाची शीतल साठे गाते, तेव्हा त्या आवाजातील धार कोणत्याही ध्वनिमुद्रणगृहातून आलेली नसते. उघड्या मैदानात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्याच्या गरजेतून ती आलेली असते.

उणीवही नोंदवली पाहिजे. गाण्यामागचे राजकारण हा चित्रपट फार बारकाईने सांगतो. गाण्यामागचे संगीत तेवढ्या बारकाईने सांगत नाही. ही चाल तमाशातून आली की जलशातून, कव्वालीचे वळण भीमगीतात कसे शिरले, भजनाचा ठेका कोठे तसाच ठेवला आणि कोठे मोडला, याचा शोध त्या मानाने थोडा आहे. शाहीर साक्षीदार म्हणून पुरेपूर भेटतो. संगीतकार म्हणून काहीसा कमी. पददलितांच्या गाण्यात आशय तेवढा पाहावा आणि सौंदर्य अन्यत्र शोधावे, असा समज त्यामुळे नकळत बळावण्याची भीती आहे.

हा समज आपल्या शहरात तरी टिकू नये. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ साली झाला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार प्रत्यक्षात आला. मधल्या सोळा वर्षांत या प्रदेशाने जाळपोळ सोसली, तुरुंग पाहिले, आणि गाणीही रचली. आजही १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी पुस्तकांच्या दुकानांशेजारी गाण्यांचे फड रंगतात. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची हजारो गीते छापील संग्रहांच्या फार आधी कंठाकंठांतून मराठवाड्यात पोहोचली होती. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांचा आवाज विठ्ठलाच्या देवळात, भीमजयंतीच्या मंडपात आणि कव्वालीच्या फडात सारख्याच हक्काने वावरला. १९८० च्या दशकात स्वस्त ध्वनिफिती आल्या आणि मोठ्या कंपन्यांनी ज्यांच्याकडे पाहिले नसते, असे गायक एसटी स्थानकाबाहेरच्या टपऱ्यांवरून घरोघर गेले. हे भारतीय लोकप्रिय संगीत नव्हे, तर काय?

येथे वाचकांना एक अप्रिय प्रश्न विचारणे भाग आहे. गोन्साल्विस यांच्यावरील अन्यायाने हळहळणारे आपण, १४ एप्रिलला रस्त्यावरून येणाऱ्या गाण्यांना 'गोंगाट' म्हणून खिडकी लावून घेत नाही काय? आपल्यापैकी अनेक कुटुंबांची मुळे गंगापूर-वैजापूर भागातील खेड्यांत आहेत. ज्या वस्त्यांतून मिशनच्या शाळेची वाट निघाली, त्यांच्याच शेजारच्या वस्त्यांतून जलशाची वाटही निघाली. चर्चमध्ये गाणारा आणि जलशात गाणारा हे एकाच गावकुसाबाहेरचे दोन कंठ होते. ध्वनिवर्धकाचा अतिरेक हा वेगळा विषय आहे आणि त्याबाबत तक्रार रास्तच ठरेल. पण यंत्राच्या मोठ्या आवाजाचा दोष कवीच्या आणि गायकाच्या माथी मारणे, ही न ऐकण्याची सबब आहे. श्रेयनामावलीबाहेर राहण्याचे दुःख ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याने दुसऱ्याला श्रेयनामावलीबाहेर ठेवू नये.

लोकप्रिय संगीताच्या समीक्षेत एक आधुनिक मोहही टाळावयास हवा: भव्यतेचा मोह. २०१६ च्या 'सैराट' साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमधील सोनी स्टुडिओत पाश्चात्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, तेव्हा मराठी माणसाची छाती फुगली. १९५८ साली गोन्साल्विस यांनी पाहिलेल्या स्वप्नाचे हे एका अर्थाने दूरचे वंशज म्हणावे लागेल. पण परदेशी वादकांची संख्या ही गुणवत्तेची साक्ष नव्हे. प्रेमाच्या पहिल्या चाहुलीला व्हायोलिनचा लोंढा जेथे करमाळ्याच्या माळरानाला क्षितिज देतो, तेथे तो सार्थ आहे. जेथे तो भावना आधीच सांगून टाकतो, तेथे श्रोत्याला स्वतः काही अनुभवण्यास जागा उरत नाही. 'झिंगाट' या गाण्यातील ठेक्याने गावच्या वरातीला पडद्यावर मानाचे स्थान दिले, हे यश माझ्या मते सिंफनीहून कमी नाही. आणि साऱ्या चित्रपटातील सर्वांत प्रभावी सांगीतिक निर्णय अखेरीस येतो: त्या शेवटच्या प्रसंगात संगीत नाही, आवाजच नाही. इतका मोठा वाद्यमेळ हाताशी असताना कोठे गप्प राहावे हे ज्या कृतीला कळते, तिला संगीत कळले असे समजावे.

हाच निकष आपल्या उपासनेतील गायनालाही लागू पडतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरांना योग्य स्थान देण्याचे आवाहन केले. त्यातून मराठी भजने, अभंगाच्या चाली, ढोलकी-पेटी यांना मिस्सामध्ये प्रवेश मिळाला, हे मोठेच देणे होय. परंतु अलीकडे अनेक ठिकाणी गायकवृंदाच्या साथीला कीबोर्डमधील तयार ठेका असतो. बटण दाबले की ढोल, पुन्हा दाबले की व्हायोलिन. प्रवेशगीत असो वा पश्चात्तापगीत, ठेका तोच. त्याला जोड म्हणून एखाद्या चित्रपटगीताची चाल उचलून तिच्यावर धार्मिक शब्द बसवले जातात. चाल चित्रपटाची आहे म्हणून ती अपवित्र, असे मी म्हणणार नाही. चांगली चाल ही चांगली चालच असते. माझा आक्षेप असा, की उसन्या चालीबरोबर तिच्या मूळ प्रसंगाची आठवणही येते, आणि शब्दांचा अर्थ एकीकडे व आठवणीचा ओढा दुसरीकडे अशी श्रोत्याची ओढाताण होते. शिवाय ज्या धर्मग्रामाच्या शाळेने एके काळी स्वर वाचणारी मुले घडवली, त्याच परंपरेच्या वारसांनी बटणावर समाधान मानावे, ही परिस्थिती विचार करावयास लावणारी आहे.

म्हणून समीक्षा ही चैन नाही. कोणी चाल बांधली, कोणी तिला साथ दिली, ती कोणासाठी आणि कोणत्या जागेसाठी रचली, आणि ते काम तिने कितपत केले, एवढे चार प्रश्न विचारण्यासाठी संगीताचे पदवीधर असावे लागत नाही. आपापल्या धर्मग्रामात चाळीस-पन्नास वर्षे पेटी वाजवणारे, नाताळच्या गीतांना चाली लावणारे, लग्नांत बँड वाजवणारे वृद्ध आजही आहेत. त्यांच्या वह्या कोणी पाहिल्या आहेत? त्यांच्या चाली कोणी ध्वनिमुद्रित केल्या आहेत? आज प्रत्येक तरुणाच्या खिशात ध्वनी आणि चित्र टिपणारे यंत्र आहे. त्याचा उपयोग एखाद्या वृद्ध पेटीवादकाचे गाणे, मध्ये न बोलता, अखेरपर्यंत टिपून ठेवण्यासाठी झाला, आणि खाली त्याचे नाव स्वच्छ अक्षरांत लिहिले गेले, तर तो लहानसा माहितीपट वर सांगितलेल्या पहिल्या कसोटीस तरी नक्कीच उतरेल. त्यानंतर ते गाणे चांगले आहे की सुमार, हे निर्भीडपणे सांगावे. नाव नोंदवणे हा आदर आहे. खरे मत देणे हा त्याहून मोठा आदर आहे.